अम्माच्या हृदयाची झडप आणि जन आरोग्य योजना: सोलापुरातला आमचा अनुभव

आमच्या अम्माचं हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन फेब्रुवारी 2025 मध्ये सोलापुरातच झालं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. ऑपरेशन, आयसीयू, नवी झडप, भरती असतानाची औषधं, यातल्या कशासाठीही आम्हाला एक रुपया मोजावा लागला नाही. तरीही पहिल्या तपासणीपासून आजपर्यंत घरातून पंचवीस ते तीस हजार रुपये गेले. अण्णाची बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आम्ही चौकशी करत फिरत होतो तेव्हा कुणी म्हणायचं, "सगळं फुकट होतं, काळजी करू नका." कुणी म्हणायचं, "योजनेत जाऊ नका, हाल होतात." दोघांच्याही बोलण्यातून उद्या सकाळी नेमकं कुठे जायचं ते कळत नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

आमची ओळख थोडक्यात. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. अण्णा, म्हणजे माझा मोठा भाऊ, यंत्रमागावर आहे. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. अम्मा 57 वर्षांची, लग्नाआधीपासून विड्या वळते. रेशनकार्ड केशरी.

दिवाळीनंतर, नोव्हेंबर 2024 मध्ये, तिला जिना चढताना दम लागायला लागला. मग रात्री आडवं झालं की गुदमरायचं आणि ती उठून उंबऱ्याशी जाऊन बसायची. जवळच्या डॉक्टरांनी तंबाखूची धूळ जाते म्हणून दमा समजून पंप दिला. महिनाभर पंप ओढला, फरक पडला नाही. पायांवर सूज आली तेव्हा ईसीजी काढला. ठोके अनियमित होते. हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, टू-डी इको करा, असं सांगितलं.

इकोचा रिपोर्ट 9 डिसेंबरला हातात आला. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचे चार कप्पे काढून दाखवले. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मायट्रल नावाची झडप असते. निरोगी माणसात ती साधारण चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. अम्माची एकपेक्षाही कमी उघडत होती, शिवाय गळत होती आणि तिच्यावर चुन्याचा थर बसला होता. लहानपणी घसा बसून ताप येतो, सांधे धरतात, घरचे ते विसरूनही जातात. त्या संधिवाताच्या तापाने झडप खराब व्हायला सुरुवात होते आणि त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. फुग्याने झडप मोकळी करण्याचा उपाय असतो, पण थर बसलेल्या आणि गळणाऱ्या झडपेला तो चालत नाही. झडप बदलावीच लागणार होती. खाजगीत करायचं तर अंदाज साडेतीन लाखांचा सांगितला.

त्या रात्री आम्ही दोघं भावंडं सोनं, भिशी, अण्णाच्या मालकाकडून उचल, असं सगळं मांडत बसलो होतो. कुठूनही आकडा लाखाच्या पुढे जात नव्हता. आरोग्य विमा काढायचं मनात होतं, पण खाजगी पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजाराला प्रतीक्षाकाळ असतो. नव्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकतो. अम्माकडे तीन वर्षं नव्हती. सरकारी योजनेत हप्ता नाही आणि आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. या एका गोष्टीची किंमत मला त्या रात्री कळली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या एका मावशींनी 155388 हा नंबर दिला. टोल-फ्री आहे, मराठीत बोलतात. त्यांनी आजार, जिल्हा, रेशनकार्डाचा रंग विचारला आणि जिल्ह्यातल्या कोणत्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रिया होते ती नावं सांगितली. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, कार्ड पांढरं असलं तरी, वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि यादीत तेव्हा 1,356 उपचार होते, हेही तिथेच कळलं. त्याआधी मर्यादा दीड लाख होती. सोलापूर या योजनेला नवीन नाही. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. 2017 मध्ये नाव बदललं, 2020 पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. म्हणजे इथली रुग्णालयं बारा वर्षं हे काम करताहेत. तरी इको करणाऱ्या केंद्रापासून डॉक्टरांच्या कंपाउंडरपर्यंत कुणीही आम्हाला आपण होऊन "योजनेत बसतं का बघा" म्हटलं नव्हतं.

मग कागद. रेशनकार्डावर अम्माचं नाव होतं, पण जुन्या हस्तलिखित कार्डावरचं आणि आधारवरचं नाव वेगळं. आमच्याकडे तेलुगू नावं मराठीत लिहिताना आणि मराठीवरून इंग्रजीत चढवताना प्रत्येक टेबलावर वेगळी होतात. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे नवऱ्याचं नाव गायब. आयुष्मान कार्डासाठी रेशनकार्डाचा ऑनलाइन बारा अंकी नंबर लागतो, आणि त्या नंबराखाली अम्माचं नाव आधारशी जुळलं पाहिजे. तो नंबर रेशन दुकानदाराने लगेच काढून दिला. नावाच्या दुरुस्तीसाठी अन्नधान्य वितरण कार्यालयात अर्ज, आधारची झेरॉक्स आणि स्वयंघोषणापत्र दिलं. नाताळच्या सुट्ट्या मध्ये आल्या, दुरुस्ती ऑनलाइन दिसायला डिसेंबर संपला.

खरी अडचण आली ती अंगठ्याची. सेवा केंद्रातल्या मुलाने अम्माचा अंगठा यंत्रावर ठेवला, उमटला नाही. दुसरा अंगठा, मग एकेक बोट, कापडाने पुसून, तेल लावून. काहीच उमटेना. मी तिचा हात उजेडात धरून पाहिला. अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांची कातडी काचेसारखी गुळगुळीत झालेली, तेंदूपत्त्याच्या रंगाची. चाळीस वर्षं रोज पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड बंद करायचं. रेषा राहतील कुठून? अम्मा त्या मुलाला सारखी म्हणत होती, "बाळा, हात धुऊन येऊ का?" मला रडू आलं, ते मी बाहेर जाऊन आवरलं.

विडी कामगारांच्या घरांत हे सर्रास होतं, म्हणून नीट सांगते. अंगठा हा एकच मार्ग नाही. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीने होतं. अम्माच्या आधारला अप्पांचा बंद पडलेला नंबर होता, त्यामुळे तेही अडलं. तिसरा मार्ग चेहऱ्याचा. आयुष्मानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ओळख पटवता येते. चांगला उजेड हवा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. वसाहतीतल्या आशाताईंनी त्यांच्या फोनवरून ते करून दिलं, पैसे घेतले नाहीत. कार्ड 3 जानेवारीला मंजूर दिसलं. सेवा केंद्रात प्रिंटचे आणि झेरॉक्सचे मिळून साडेतीनशेच्या आसपास गेले. घरात आजार नसतानाच हे करून ठेवा, आणि आधारचा मोबाईल नंबर चालू आहे ना तो आधी बघा. सत्तरीच्या पुढचे कुणी घरात असतील तर ऑक्टोबर 2024 पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता वेगळं वय वंदना कार्ड मिळतं. शेजारच्या आजोबांचं आम्ही त्याच वेळी काढून घेतलं.

कार्ड घेऊन पहिल्या रुग्णालयात गेलो. नाव देत नाही. डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन योजनेत बसतं असं सांगितलं. मग बाहेर एका माणसाने अण्णाला बाजूला घेतलं. योजनेत साधी झडप येते, चांगली हवी असेल तर वरचे साठ हजार रोख लागतील, आणि योजनेचे पैसे आम्हाला उशिरा मिळतात, असं त्याचं म्हणणं. पावतीचं विचारलं तर गप्प. अण्णा देऊन टाकायच्या विचारात होता. आईच्या जिवापुढे साठ हजार काय, असंच प्रत्येकाला वाटतं, आणि मागणाऱ्याला ते माहीत असतं. मी तिथेच जिन्यात उभी राहून 155388 ला फोन लावला. त्यांनी स्पष्ट सांगितलं: पॅकेजमध्ये झडप धरलेली असते, रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. आम्ही ते रुग्णालय सोडलं. अम्माला घेऊन पुन्हा नव्या दारात उभं राहायचं धैर्य गोळा करायला आम्हाला वेळ लागला, पण तो निर्णय बरोबर होता.

दुसऱ्या रुग्णालयात मी आधी एकटी गेले, आणि डॉक्टरांच्या रांगेत न लागता थेट आरोग्यमित्राच्या काउंटरवर. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. तो रुग्णालयाचा नोकर नसतो, योजनेचा माणूस असतो, आणि आपलं काम त्याच्याशी आहे. तिथले दादा साधारण माझ्याच वयाचे. त्यांनी इकोचा रिपोर्ट पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, बाहेर अजून काय काय तपासण्या केल्यात?" मी बिलं काढली. इको, तज्ज्ञांची फी, रक्ताच्या तपासण्या, पंप, ईसीजी, पहिल्या रुग्णालयातली ओपीडी मिळून दहा हजारांवर गेले होते. ते म्हणाले, नोंदणी झाल्यावर ऑपरेशनसाठी लागणाऱ्या तपासण्या योजनेतून होतात, आधीची बिलं परत मिळत नाहीत. चाळिशीच्या पुढच्या रुग्णाची झडप बदलण्याआधी अँजिओग्राफी करतात. तीही आम्हाला बाहेरून करून आणायला सांगितलं गेलं होतं. त्यांनी थांबवलं, आणि नोंदणीनंतर ती रुग्णालयातच पैसे न देता झाली. महागडी तपासणी बाहेर करण्याआधी आरोग्यमित्र गाठा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

10 जानेवारीला नोंदणी झाली. लगोलग गड्डा आला. सिद्धेश्वरांची यात्रा, अक्षता सोहळा, रस्ते बंद, सगळीकडे सुट्ट्या. अम्मा दरवर्षी नंदीध्वज बघायला जायची. या वर्षी तिला दोन पावलं चालवत नव्हतं, तरी "लांबून का होईना" म्हणून हट्ट धरून बसली होती. नेलं नाही.

यात्रेनंतर दातांचं निघालं. झडपेच्या ऑपरेशनआधी दातांच्या डॉक्टरांचं पत्र लागतं, कारण किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. अम्माचे दोन दात काढावे लागले. ते बाहेर केलं, अठराशे रुपये. ती आधीच रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांवर होती, त्यामुळे गोळी कधी थांबवायची ते हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावं लागलं. जखम भरेपर्यंत आठवडा गेला. इकोचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात कुणी दातांचं सांगितलं असतं तर हा आठवडा वाचला असता.

मग मंजुरीची वाट. रुग्णालय सगळे रिपोर्ट ऑनलाइन चढवतं, तिकडे योजनेचे डॉक्टर ते बघतात आणि मंजुरी देतात. त्याला सगळे प्री-ऑथ म्हणतात. आमच्या फाईलवर क्वेरी पडली. इकोच्या रिपोर्टवर अम्माचं वय 62 छापलं होतं, कार्डावर 57. शिवाय इकोची चित्रफीत मागितली. क्वेरी पडली म्हणजे नामंजूर झालं असं समजून अम्माने त्या रात्री जेवण सोडलं. तसं नसतं. उत्तर दिलं की फाईल पुढे सरकते. वयाची दुरुस्ती करून केंद्राकडून सही-शिक्का आणला, चित्रफीत दिली. 4 फेब्रुवारीला मंजुरी आली. रोज सकाळी आरोग्यमित्राला फोन करून "क्वेरी आहे का?" एवढंच विचारत होते. चिडले नाहीत. उलट म्हणाले, विचारणाऱ्यांची फाईल आमच्याही लक्षात राहते. त्यांनी ते भल्या मनाने सांगितलं, पण मला त्यातून काळजीच वाटली. ज्यांना फोन करता येत नाही, ज्यांच्या घरात कागद वाचणारं कुणी नाही, त्यांच्या फायलींचं काय होत असेल?

8 फेब्रुवारीला भरती, 11 ला मंगळवारी ऑपरेशन. त्याआधी रक्तदाते उभे करायला सांगितलं होतं. अण्णाच्या कारखान्यातली पोरं रात्रपाळी संपवून थेट आली, चहा-बिस्किटावर रक्त देऊन घरी झोपायला गेली. सकाळी सातला अम्माला आत नेलं. दुपारी दोनच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि ठीक आहे म्हणाले. मधल्या वेळाबद्दल माझ्याकडे लिहायला काही नाही. मी भिंतीवरचं रुग्णांच्या हक्कांचं पत्रक पुन्हा पुन्हा वाचत बसले होते.

आयसीयूतली सेवा कशी होती, हे मला मोकळेपणाने सांगायचं आहे, कारण "योजनेतल्या पेशंटकडे बघत नाहीत" हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. आमच्या बाबतीत ते खरं ठरलं नाही. अम्माच्या शेजारच्या खाटेवर पैसे भरून आलेला रुग्ण होता. दोघांना तीच सिस्टर, तेच यंत्र, तीच फेरी. नळी काढल्यावर अम्मा घाबरून हात झटकत होती. सिस्टरने तिचं नाव-गाव बघितलं आणि तेलुगूत बोलायला सुरुवात केली. श्वास आत ओढायचं तीन गोळ्यांचं यंत्र असतं, ते कसं ओढायचं, खोकताना उशी छातीशी कशी धरायची, सगळं तेलुगूतून. अम्माने पहिल्याच दिवशी दोन गोळ्या वर चढवल्या. ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी मला झडपेचं छोटं ओळखपत्र दिलं. त्यावर झडपेचा प्रकार, आकार आणि क्रमांक होता. ते जन्मभर जपून ठेवायचं. त्याच क्रमांकाचं स्टिकर फाईलवरही चिकटवतात, म्हणजे कोणती झडप बसवली याचा पुरावा राहतो. पहिल्या रुग्णालयातल्या माणसाचं "साधी झडप" हे बोलणं माझ्या मनातून जात नव्हतं, म्हणून मी सर्जनना ते विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, या वयात धातूची झडपच बसवतात, ती वर्षानुवर्षं टिकते, पैसे भरणाऱ्यालाही हीच बसवली असती.

वॉर्डात मात्र माहितीचा दुष्काळ. रुग्णाचं जेवण योजनेतून येतं, नातेवाईकाचं नाही, आणि रात्री जवळ कुणीतरी लागतंच. अण्णा रात्री व्हरांड्यात चटईवर झोपायचा, दिवसा मी थांबायचे. रिक्षा, डबे, पाणी मिळून त्या काळात आठ हजारांच्या वर गेले. कारखान्यात जूनच्या गणवेशांची कामं सुरू होत होती, माझी रजा विनापगारी धरली. डॉक्टर फेरीला येत, फाईलवर लिहीत, पुढे जात. काय लिहिलं ते सिस्टरना विचारायचं, त्यांना वेळ असेल तर सांगायच्या. मी एक वही केली. रात्री प्रश्न लिहून ठेवायचे आणि फेरीच्या वेळी वही उघडूनच उभं राहायचं. वही दिसली की डॉक्टर थांबतात, हा माझा अनुभव.

20 फेब्रुवारीला सुटी झाली. खाटेवर अम्माचा फोटो, टाक्यांचा फोटो, सह्या, अभिप्रायाचा फॉर्म. फॉर्म कोरा ठेवून नुसती सही करू नका. "तुमच्याकडून पैसे घेतले का" हा रकाना त्यात असतो, तो स्वतः भरा. दहा दिवसांची औषधं दिली. गावाकडच्या रुग्णाला घरापर्यंतचं एसटी किंवा रेल्वेचं भाडं देण्याची तरतूद आहे, लांबून आलेल्यांनी ते मागावं. संपलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधला तोल बघायला आयएनआर नावाची रक्ततपासणी करतात. अम्मासाठी तो आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायला सांगितलाय. सुरुवातीला ही तपासणी सारखी करावी लागली, दर वेळी साडेतीनशे रुपये. सुटीच्या कागदावर गोळीचं नाव होतं, आयएनआरची तारीख होती, पण जेवणाचं एक अक्षर नव्हतं. आमच्या घरात अंबाडी आठवड्यातून दोनदा तरी होते. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. बाळंतिणीला करतात तसं कौतुकाने मामीने अम्माला रोज भाजी-भाकरी खाऊ घातली आणि आकडा दीडच्या खाली आला. डॉक्टर म्हणाले, भाजी सोडायची नाही, रोज साधारण सारखीच ठेवायची. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही. दात काढायचा असेल तर आधी झडपेचं सांगायचं. हे सगळं एका कागदावर मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये छापून सुटीच्या वेळी हातात द्यायला किती खर्च येतो? लाखोंचं ऑपरेशन सरकारी पैशाने होतं आणि ते टिकवणारी माहिती रुग्णाने मामी-शेजाऱ्यांकडून गोळा करायची, हे मला पटत नाही.

मार्च आणि एप्रिल आम्ही गोळ्या, तपासण्या, फी सगळं खिशातून भरलं. एप्रिलच्या शेवटी फेरतपासणीला गेले तेव्हा आरोग्यमित्र दादा दिसले. त्यांनी सहज विचारलं, "पाठपुराव्याची फाईल केली ना?" केली नव्हती, कारण ती असते हेच माहीत नव्हतं. योजनेत सुरुवातीपासून ऑपरेशननंतरच्या पाठपुराव्याची वेगळी पॅकेजेस आहेत. आमची फाईल मे महिन्यात झाली. तेव्हापासून रुग्णालयातली तपासणी आणि तिथून मिळणारी औषधं त्यातून होतात. मधल्या काळातली आयएनआर अजून आम्हीच भरतो. सुटी घेतानाच विचारा: आमच्या ऑपरेशनला पाठपुरावा आहे का, किती महिने, फाईल कधी करायची?

आयसीयूबाहेरच्या रात्रींत मी फोनवर दुसऱ्या देशांचं वाचत होते, लोक हे कसं निभावतात म्हणून. थायलंडने 2002 पासून सगळ्या नागरिकांना संरक्षण दिलं. सुरुवातीला प्रत्येक भेटीला 30 बाथ घेत, आणि त्यात साधी ओपीडीही येते. घानात 2003 च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य विमा आला. तिथेही ओपीडी आणि औषधं धरलेली आहेत, पण रुग्णालयांना पैसे उशिरा मिळतात आणि मग ती रुग्णाकडे हात पसरतात, अशी तक्रार तिथे जुनी आहे. ते वाचताना मला तो साठ हजार मागणारा माणूस आठवला. आपल्याकडे संरक्षण मुख्यतः माणूस खाटेवर पडल्यावर सुरू होतं. आयुष्मान भारतमध्ये भरतीआधीचे 3 दिवस आणि सुटीनंतरचे 15 दिवस धरतात. अम्माचा आजार मात्र पंपापासून सुरू झाला आणि गोळ्यांवर जन्मभर चालणार आहे. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. आमच्या घरात साडेतीन लाखांचे तीस हजार झाले, म्हणजे फरक पडतो हे मी माझ्या वहीतही बघते. पण उरलेला वाटा नेमका कुठे जातो, तेही त्याच वहीत आहे: ओपीडी, बाहेरच्या तपासण्या, रिक्षा, आयएनआर.

अम्मा आता जिना एका दमात चढते. डॉक्टरांनी तंबाखूच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलंय. ती ऐकते आणि नाहीही. पान कापून देते, भरणं-वळणं वहिनी करते. शांत खोलीत तिच्या जवळ बसलं की झडपेची टिकटिक ऐकू येते. अण्णाच्या पोरीला त्याचं फार नवल.

वसाहतीतल्या दोन घरांतून सध्या विचारणा आहे. एकांची अँजिओप्लास्टी, एकांच्या सुनेचा मुतखडा. दोघांनाही मी आधी हेच बघायला सांगितलं: रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर, सगळ्या कागदांवर एकच नाव आणि एकच वय, आधारला चालू मोबाईल. मग 155388 किंवा 18002332200 वर फोन करून आपलं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात बसतं ते विचारायचं, तिथे आरोग्यमित्राला भेटायचं, आणि कुणी पावतीशिवाय पैसे मागितले तर तिथूनच तक्रार करायची. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांनी आशाताईंना चेहऱ्याने करून मागावं. मुतखडावाल्यांची नोंदणी परवा आहे, मी रजा टाकून त्यांच्याबरोबर जाते आहे.